वरचं घरी, खालचं सुताराकडे

आमची होडी एका हॉटेलवाल्याने मागितली. पाण्यात घालायला नव्हे. हॉटेलच्या दारात ठेवायची, तिच्यात माती भरायची आणि फुलझाडं लावायची, असा त्या गृहस्थाचा बेत होता. आणि हे त्याने आमच्याच घरी, आमच्याच खुर्चीत बसून, आमचाच चहा पिता पिता सांगितलं. आमचे चिरंजीव मान डोलावत होते. आणि ज्यांची होडी, ते, म्हणजे आमचे हे, खिडकीशी बसून म्हणाले, "छान दिसेल."

छान दिसेल! पूर्वी त्या होडीच्या काठावर कुणी चपलेचा पाय ठेवला तर हा माणूस त्याला पुढे रस्त्यात ओळख दाखवत नसे. तोच माणूस आता तिच्या पोटात खत घालायला निघालेल्याला छान म्हणतो!

होडी आमच्याकडे कशी आली ते मी सांगत बसत नाही. ते सांगायला घेतलं की सासरच्या माणसांविषयी बोलावं लागेल, आणि आज मला कुणाविषयी वाईट लिहायचं नाही. आज आभार मानायला बसले आहे. एवढंच सांगते की मागच्या वर्षी यांच्या छातीत दुखलं, दवाखाना झाला, डॉक्टरांनी वजन उचलायचं नाही म्हणून बजावलं, आणि यांनी त्या दिवसापासून शब्द उचलायचंसुद्धा सोडून दिलं. त्याआधी यांची गोष्टच वेगळी. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत जन्म काढलेला, त्यामुळे घरात कुठे नळ गळला की यांना तो स्वतःचा अपमान वाटायचा. कपाटाचं दार करकरलं, पेपर उशिरा आला, चहा जास्त उकळला, प्रत्येक गोष्टीवर यांचं वेगळं व्याख्यान. आणि मी काही ऐकून घेणारी नव्हे. आम्ही दोघं इतकं रीतसर भांडायचो की शेजारचे टीव्हीचा आवाज कमी करायचे. आता मात्र काहीही पुढे ठेवा, "छान." एकदा मी मुद्दाम चहात साखरेच्या जागी मीठ घातलं. प्यायले. कप खाली ठेवला आणि म्हणाले, "छान झालाय."

त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन तो कप दोनदा घासला.

घरात शांतता हवी असं पुष्कळ लोक म्हणतात. त्यांनी आमच्याकडची घेऊन जावी.

हॉटेलवाला गेल्यावर चिरंजीव म्हणाले, "आई, बंदर कचेरीचा नियम आहे, महिनाअखेर तपासणी. पास झाली नाही तर धक्क्यावरची जागा जाणार. आणि ही होडी पास होणार नाही. तळाच्या फळ्या सुटल्यात, बाकं मोडलीत, दिवा नाही, भोंगा नाही. करणार कोण एवढं?"

"मी करीन."

"तू?"

"तू जन्माला आलास तेव्हाही लोक असंच म्हणाले होते. केलं ना उभं?"

सूनबाई तोंड फिरवून हसली. तिचं तेवढं हसणं मी त्या दिवशी खपवून घेतलं.

तर आता प्रश्न आला की कुठलं काम घरी करायचं आणि कुठलं बाहेर द्यायचं. हा प्रश्न आमच्या घरापुरता होता असं मला वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी कळलं की तो सबंध बिल्डिंगचा होता. चेअरमनसाहेब जिन्यातच भेटले. ते म्हणाले, "वहिनी, सगळं बाहेर द्या. हल्ली कुणी घरी काही करत नाही." समोरच्या बाई म्हणाल्या, "छे हो, सगळं घरीच करा. आमच्या यांनी भिंतीवरची फळी घरीच ठोकली, अजून पडली नाही." ती फळी मी पाहिली आहे. ती पडलेली नाही हे खरं, पण तिच्यावर काही ठेवायचं धाडस त्या घरात कुणी केलेलं नाही.

माझी शाळा दुसरीत संपली, पण एवढं कळतं की ज्याला स्वतःचं मत नसतं त्याच्या घरात शेजारी स्वयंपाक करतात. मी धक्क्यावर जाऊन होडीकडे नीट पाहिलं. तिच्या अंगावर पाण्याची जुनी रेघ होतीच, खाली हिरवट, वर कोरडं. मी त्या रेघेवर बोट ठेवून सांगितलं, "रेघेच्या खालचं सुताराकडे. रेघेच्या वरचं घरी."

कसं सुटसुटीत! पाण्यात जे बुडतं ते जाणत्याने करावं, जे बुडतच नाही त्यात बिघडायचं काय? चिरंजिवांनासुद्धा यात खोट काढता आली नाही. मी घरी येऊन यांना सांगितलं. म्हटलं, काही चुकत असेल तर बोला. हे म्हणाले, "छान."

सुतार हा होड्यांचाच सुतार होता, आणि स्वतःविषयी त्याचं मत चांगलं होतं. "काकू," तो म्हणाला, "या हातांखालून गेलेली होडी गळली तर हात कापून देईन."

"तुझे हात घेऊन मी काय करू? मला होडी कोरडी पाहिजे."

"कोरडी म्हणजे, काकू, आत बसून पेपर वाचा. पण धक्क्यावर मी काम करत नाही, तिथे येणारे जाणारे अक्कल शिकवतात. घराशी आणा."

म्हणून होडी ट्रॉलीवर चढवून आमच्या आवारात आली, आणि चेअरमनसाहेब धावत खाली आले.

"वहिनी, ही जागा वाहनांसाठी आहे."

"मग ही काय आहे? हिच्यात बसून माणसं जातातच की इकडून तिकडे."

"हिला चाकं नाहीत."

"ट्रॉलीला आहेत."

"ट्रॉली वाहन आहे, मान्य. पण वरती आहे ते सामान झालं. सामान आवारात ठेवायला मनाई आहे."

"तर मग तुम्ही ट्रॉलीकडे बघा. वर बघू नका."

यावर कमिटीची सभा भरली. सभेत बराच काथ्याकूट झाला. पहिल्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी होडीत डास होतील का असं विचारलं, दुसऱ्यांनी पूर आला तर होडीत कुणाला आधी बसवणार हे आत्ताच ठरवा म्हणून आग्रह धरला. शेवटी परवानगी मिळाली ती एका अटीवर. होडी कोपऱ्यात, कंपाउंडच्या भिंतीला अगदी चिकटवून ठेवायची, गाड्यांच्या वाटेत बोटभरही यायची नाही. चेअरमनसाहेब स्वतः उभे राहिले आणि "अजून आत, अजून आत" करत त्यांनी होडीची डावी बाजू भिंतीला अशी लावली की मधून मांजरसुद्धा गेलं नसतं. मी त्यांचे तेव्हाच आभार मानले. खरंच मानले. दुसऱ्या कुणी ती होडी रस्त्यावर काढली असती.

आता बंदर कचेरी. तिथे तपासणीसाठी अर्ज करायचा आणि सोबत होडीचे दोन फोटो जोडायचे, एक डाव्या बाजूचा आणि एक उजव्या. उजवी बाजू समोर होती, तिचा फोटो निघाला. डावी भिंतीला. चिरंजीव कॉम्प्युटरच्या कंपनीत आहेत. ते म्हणाले, "आई, होडीच्या दोन्ही बाजू सारख्याच असतात. मी हाच फोटो उलटा करतो." आणि फोनवर बोट फिरवून त्यांनी उजव्या बाजूची डावी बाजू केली. मला फार कौतुक वाटलं. ते मी बोलून दाखवलं नाही, कारण मुलांचं कौतुक तोंडावर करू नये.

कचेरीत मी एकटीच गेले. पहिल्या खिडकीने दुसरीकडे पाठवलं, दुसरीने जेवणानंतर या म्हणून सांगितलं, जेवणानंतर पहिलीच खिडकी बरोबर होती असं निघालं. तिथल्या चष्मेवाल्या कारकुनाने फोटो पाहिले. मग चष्मा पुसून पुन्हा पाहिले.

"बाई, या बाजूला होडीचा नंबर उलटा का लिहिलाय?"

मी फोटो पाहिला. नंबर खरोखरच उलटा, शेवटापासून सुरुवातीकडे, प्रत्येक आकडा पाठ फिरवून उभा. पण मी आयुष्यात कधी खिडकीसमोर गडबडलेली नाही.

"ती बाजू पाण्यात पडलेल्या सावलीवरून वाचायची असते," मी म्हटलं.

त्या माणसाने शेजारच्या टेबलावरच्याला बोलावलं, त्याने आणखी कुणाला बोलावलं, आणि सगळ्या कचेरीने मिळून तो फोटो पाहिला. मी ताठ उभी राहिले. कान मात्र तापले होते. हसून झाल्यावर तो कारकून म्हणाला, "असं करा, अर्ज मी परत पाठवत नाही, बाजूला ठेवतो. डाव्या बाजूचा खरा फोटो आणून द्या. कुणाला सांगू नका." कुणाला सांगायचं राहिलं होतं देव जाणे! पण त्याने अर्ज परत केला असता तर आमचा महिना तिथेच संपला असता. त्या माणसाचं भलं होवो. चष्म्याचा नंबर वाढू नये.

सुतार आला तेव्हा होडी भिंतीपासून ओढावीच लागली. चेअरमनसाहेबांनी एक दिवसाची परवानगी दिली. सुताराने ती चांगली आठवडाभर पुरवली. तो खाली आडवा पडून फळ्यांच्या फटीत दोर ठासायचा, वरून डांबर भरायचा, आणि तोंडाने स्वतःच्या जुन्या पराक्रमांची वर्णनं चालू. त्या आठवड्यात चेअरमनसाहेबांची गाडी बाहेर रस्त्यावर उभी होती आणि तिच्यावर पाखरांनी काय केलं ते मी लिहीत नाही. ते रोज सकाळी गाडी पुसताना आमच्या खिडकीकडे बघत. डाव्या बाजूचा फोटो निघाला, कचेरीत पोचला, सुतार हात न कापता पैसे घेऊन गेला आणि होडी पुन्हा होती तशी भिंतीला चिकटली. खालचं संपलं. आता वरचं. म्हणजे आमचं.

आणि आमच्या घराला काय उत्साह आला म्हणून सांगू! चिरंजिवांनी फोनवर बघून बघून एक पेटीसारखं बाक ठोकलं, आत बॅटरी ठेवली. एक संपली तर म्हणून शेजारी दुसरी ठेवली. सूनबाईने ऑफिसातून आल्यावर रंगाचा ब्रश हातात घेतला तो जेवणापर्यंत सोडला नाही. पिण्याच्या पाण्याला पिंप पाहिजे म्हणून मी एक चांगलं मोठं पिंप बसवलं. टेबल पाहिजे म्हणून माझ्या जुन्या शिवणयंत्राचा लोखंडी सांगाडा आणला, मशीन मोडलं तरी तो ठणठणीत होता, चौघांनी उचलून आत घातला आणि वर फळी टाकली. असं टेबल कुणाच्या होडीत असेल? चेअरमनसाहेबांनाही राहवलं नाही. आग लागली तर काय, असं म्हणून त्यांनी बिल्डिंगमधल्या वाळूच्या जुन्या लाल बादल्या आणून दिल्या, वाळूसकट. पाण्यात आग लागली तर वाळू कशाला, हे मी विचारलं नाही. देणाऱ्याला प्रश्न विचारू नयेत.

हे सगळं आम्ही जिथे हात पोचत होता तिथे बसवलं. दुसरीकडे कसं बसवणार? तिकडे भिंत होती.

मधे भोंग्याचा एक प्रकार झाला. चिरंजिवांनी तारा जोडल्या आणि मला म्हणाले, "आई, दिव्याचं बटण दाब." मी दाबलं. भोंगा वाजला. दुपारची वेळ, बिल्डिंग झोपलेली. मी घाबरून दुसरं बटण दाबलं तर दिवाही लागला आणि भोंगाही वाजतच राहिला. वरून चेअरमनसाहेब बनियनवर धावत आले, त्यांना वाटलं गाड्या चोरीला चालल्या. चिरंजीव तारा उपटत होते, सूनबाई कानावर हात ठेवून हसत होती, आणि मी वर पाहिलं.

हे खिडकीत उभे होते. बसलेले नव्हते, उभे होते. मला वाटलं, आता ओरडतील. कोण गाढव तारा जोडतंय म्हणून विचारतील. मी वाट पाहिली. त्यांनी ओठ उघडले, मिटले, आणि पुन्हा खुर्चीत बसले.

त्यानंतर ते रोज खाली येऊन बसायला लागले. सूनबाई त्यांच्यासाठी खुर्ची आणून ठेवायची. मी मुद्दाम एक खिळा वाकडा ठोकला. मुद्दाम रंगाचे ओघळ सोडले. "बघा हो, कसं झालंय?" म्हणून विचारलं. ते म्हणायचे, "छान करताय सगळे." माणसाला खोट दिसत असून तो काढत नाही, याहून दुसरी भीती नाही. जो माणूस या घरात काही बिघडलंय असं म्हणत नाही, त्याने मनातून घर सोडलेलं असतं. हे मी कुणाला बोलले नाही. पण हॉटेलवाल्याच्या फुलझाडांपेक्षा मला याचीच धास्ती होती, आणि मी होडीची डागडुजी करत नव्हते हे सूनबाईला कळलं असावं. तिने एकदा माझ्या हातातला वाकडा खिळा काढून घेतला आणि सरळ ठोकला. चांगली पोर आहे. तिच्या आईलाही माझे धन्यवाद.

तपासणीचा दिवस उजाडला. होडी भिंतीपासून ओढली आणि पहिला धक्का बसला. उजवी बाजू निळी, चकचकीत, लग्नाला निघाल्यासारखी. डावी बाजू जुनीच, पोपडे आलेली, वर भिंतीचा चुना लागलेला. समोरच्या बाई गॅलरीतून म्हणाल्या, "अय्या, अर्धीच केलीत?" मी म्हटलं, "अर्धी तुमच्यासाठी ठेवली."

धक्क्यावर बरीच मंडळी जमली होती. आमच्यासारख्याच इतर होड्या तपासणीला आलेल्या. यांच्यासाठी खुर्ची मांडली. चेअरमनसाहेब बिल्डिंगच्या वतीने हजर. सुतारही आला होता, होडी गळत नाही हे लोकांना दाखवायला. होडी पाण्यात सोडली आणि दुसरा धक्का बसला.

ती उजवीकडे कलली. थोडी नव्हे. ऐकायला कमी येणारा माणूस कान पुढे करून वाकतो, तशी. पिंप कललं, वाळूच्या बादल्या घसरल्या, फळी शिवणयंत्रावरून सटकली आणि पाण्यात पडून एकटी निघून गेली.

तेव्हा कुठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला. बाक उजवीकडे, दोन्ही बॅटऱ्या उजवीकडे, पिंप, बादल्या, लोखंडी सांगाडा, सगळं उजवीकडे. डावीकडे नुसती भिंतीची आठवण.

"पण गळत नाही!" सुतार मोठ्याने म्हणाला. "बघा, थेंब आहे का?"

आसपासची माणसं हसायला लागली. तेवढ्यात तपासणी करणाऱ्या मॅडम आल्या. पोरगेलीच होती, पायात बूट, हातात मोजायची टेप. म्हणाली, "आजी, होडी कुणाची?"

आजी! "आजी म्हणायला आमच्या घरात अजून कुणी आलेलं नाही," मी म्हटलं, "तुम्ही पहिल्याच. होडी आमची. जरा थांबा, सरळ होते." आणि मी हुकूम सोडला, "सगळे डावीकडे बसा!"

चिरंजीव बसले, सूनबाई बसली, होडी थोडी उठली. चेअरमनसाहेब देहाने भारदस्त. ते बसले मात्र, होडीने उजवं अंग सोडलं आणि डावं धरलं.

"चेअरमनसाहेब, अर्धे उठा!"

"वहिनी, अर्धं कसं उठायचं?"

"गुडघ्यात वाका!"

ते वाकले. होडी उजवीकडे. ते बसले. होडी डावीकडे. धक्क्यावर आता लोक टाळ्या वाजवत होते. मॅडम म्हणाल्या, "आजी, माणसं मोजत नाहीत. होडी रिकामी असताना सरळ राहायला हवी. उद्या हे साहेब आले नाहीत तर काय करणार?"

"ते येतील," मी म्हटलं. "ते कुठेही येतात."

"आज शेवटचा दिवस आहे. मी बाकीच्या होड्या बघून येते. तोपर्यंत सरळ झाली तर ठीक, नाहीतर जागा रिकामी करा." आणि ती पुढच्या होडीकडे गेली.

चिरंजीव होडीतून बाहेर आले, चेहरा उतरलेला. त्यांनी खिशातून फोन काढला. "आई, हॉटेलवाल्याला टेम्पो घेऊन बोलावतो. इथूनच नेईल."

माझ्या डोळ्यांसमोर ती होडी मातीने भरलेली दिसायला लागली. खरं सांगते, त्या वेळी माझी अक्कल चालेना. आणि अक्कल चालेना झाली की माझा आवाज वाढतो. "फोन ठेव!" मी ओरडले. "ते दगड दिसतात ना कडेला? उचला! डाव्या बाजूला टाका सगळे! सरळ होते की नाही बघते!"

सुताराने एक मोठा धोंडा उचलला. चेअरमनसाहेबांनी दुसरा.

"खबरदार!"

आवाज मागून आला. मी वळून पाहिलं. खुर्ची रिकामी होती. हे उभे होते, धक्क्याच्या अगदी कडेला, आणि चेहरा लाल झाला होता.

"दगड खाली ठेवा! उजवीकडे ओझं झालंय म्हणून डावीकडेही ओझं? बुडवायची आहे का? काठ पाण्याला टेकेल, मूर्खांनो! आधी ते लोखंडाचं धूड बाहेर काढा! कुणाच्या डोक्यातून निघालं ते?"

"माझ्या," मी म्हटलं.

"वाटलंच! होडी आहे की शिंप्याचं दुकान? अक्कल काय घरी कुलपात ठेवून आलीस?"

चिरंजीव माझ्या तोंडाकडे बघायला लागले. चेअरमनसाहेब हातातल्या दगडासकट दोन पावलं मागे सरले, कारण आमची जुनी भांडणं त्यांनी भिंतीपलीकडून ऐकलेली आहेत. चारचौघांत मला असं कुणी बोललेलं नाही, आणि बोलून सुखाने घरी गेलेलं नाही. सूनबाई माझ्या कानाशी येऊन कुजबुजली, "आई, रागावू नका हं. बाबा जरा..."

"रागावते कसली? गप्प राहा आणि ऐक," मी म्हटलं. मी पाठ फिरवून नदीकडे बघितलं, कारण तोंडावर काय चाललं होतं ते मला कुणाला दाखवायचं नव्हतं.

पुढे यांनी हात कशालाही लावला नाही, पण तोंड क्षणभर थांबलं नाही. सांगाडा निघाला. वाळू पाण्यात ओतली गेली, चेअरमनसाहेबांच्या डोळ्यांदेखत. "बादल्या रिकाम्या ठेवा, पाणी उपसायला कामाला येतील. आग विझवायला नदी आहे ना खाली!" एक बॅटरी डावीकडे गेली, पिंप मधोमध गेलं, आणि तेही अर्धं. "एवढं पाणी कशाला? काय धुणं धुणार आहात?" चिरंजिवांनी बॅटरी ठेवली ती जागा यांना पसंत पडेना. "पुढे. अजून पुढे. तुझ्या बाजूला नाही रे, पुढे! तुला पगार कोण देतं?" चिरंजीव एरवी अशा बोलण्याने दोन दिवस जेवत नाहीत. त्या दिवशी तो मुलगा घामाघूम होऊन हसत होता.

मग यांनी सूनबाईला चहाबरोबर आणलेलं पसरट ताट मागितलं. ताट होडीच्या मधे ठेवून त्यात पाणी ओतायला लावलं, आणि काठावरून वाकून बघत राहिले. पाणी एका कडेला जास्त दिसलं की "उजवीकडचं जरा उचला," दुसऱ्या कडेला दिसलं की "आता आणा मागे." कचेरीत असताना टाकीचा पाया असाच बघायचे म्हणे. सुतार मधेच म्हणाला, "साहेब, गळत मात्र नाही." हे म्हणाले, "ते तुझं कामच आहे. टाळ्या वाजवू का?" सुतार खूश झाला. त्याला वाटतं ती शाबासकीच होती.

मॅडम परत आल्या तेव्हा ताटातलं पाणी चारी कडांना सारखं लागलं होतं. त्यांनी टेप लावली, वाकून पाहिलं, पाय आपटून पाहिलं. दिव्याचं बटण दाबलं, दिवा लागला. भोंग्याचं दाबलं, भोंगा वाजला. चिरंजिवांनी डोळे मिटून घेतले होते ते उघडले. "एका बाजूला रंग नाही," मॅडम म्हणाल्या. "पण रंगाला नियम नाही." आणि सही केली. जाताना मला म्हणाल्या, "येते, काकू." तेवढ्या एका शब्दाने मी त्यांना सगळं माफ केलं.

चिरंजिवांनी हॉटेलवाल्याला फोन करून सांगितलं की होडी मिळणार नाही. तो बिचारा आमच्या शिवणयंत्राच्या सांगाड्यावर राजी झाला. त्याच्यावर कुंड्या छान दिसतील म्हणाला. त्याचंही भलं होवो.

पहिली फेरी आमची दोघांची असं पोरांनी ठरवलं. इंजिन चिरंजिवांनी सुरू करून दिलं, सुकाणू यांच्या हातात. आम्ही निघालो, आणि यांनी सुरुवात केली. बाक उंच झालंय, गुडघे टेकत नाहीत. गाद्या घसरड्या आहेत, असलं कापड होडीत कोण घालतं? निळा रंग वेडगळ आहे. त्यात ओघळ किती! हा खिळा बघ, वाकडा ठोकून कुणीतरी तसाच सोडलाय. मी एरवी प्रत्येकाला उत्तर दिलं असतं. त्या दिवशी मी एकेक खोट कान देऊन ऐकत होते. एवढ्या खोटी यांना आधीपासून दिसत होत्या तर! एकूण एक दिसत होत्या!

नदीच्या मध्यावर आल्यावर ते एकदम थांबले. बोलायचे थांबले. हात सुकाणूवर, नजर पाण्यावर. त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. दम लागला का, दुखतंय का, की पुन्हा ते सगळं परत आलं? विचारायची हिंमत होईना. मला, हिंमत होईना!

मग त्यांनी मान वर केली आणि डोक्यावरच्या छताला लावलेल्या पडद्याकडे बोट दाखवलं. वाऱ्याने तो फडफडून त्यांच्या तोंडावर येत होता.

"आणि हा? होडीला पडदा? समोरचं दिसत नाही मला! कुठल्या शहाण्याला सुचलं हे?"

पडदा मीच हाताने शिवला होता. मीच लावला होता.

"चेअरमनसाहेबांना," मी म्हटलं.

आणि मग पलीकडचा काठ येईपर्यंत हे चेअरमनसाहेबांविषयी जे काही बोलले, त्यातला शब्दन्‌शब्द मी हात जोडून ऐकला. त्या माणसाचे आमच्यावर फार उपकार आहेत.